कंडक्टरची मालिका

सिनेमात कुणी जेवत नसेल तर आमचा कंडक्टर तो सिनेमा अर्ध्यात सोडून उठायचा. "दोन तास झालं, ह्या घरात चूल पेटली न्हाई. ही मानसं हायती का बाहुल्या?" असं म्हणत तो खुर्च्यांच्या रांगेतून लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर निघायचा. शेजारी मी असायचो. मला सिनेमा आवडलेला असला तरी उठावं लागायचं, कारण मुक्कामाच्या खोलीची किल्ली त्याच्याकडं असायची. असे किती सिनेमे मी अर्धेच पाहिले. शेवटी कोण मेलं, कुणाचं लग्न झालं, मला आजही ठाऊक नाही.

मी एसटीत डायवर होतो, तो कंडक्टर. दोघंही एकाच गावचे, पारनेर तालुक्यातले. डेपोत आमची जोडी अशी लागली की दोघं रिटायर होईपर्यंत ती सुटली नाही. गावानंही आमची नावं टाकून दिली. तो कंडक्टर आणि मी डायवर. आता त्याचं गावातलं घर बंद आहे, तो चाकणला लेकाकडं असतो. पारावर पोरं अजून त्याची नक्कल करतात, चांगली करतात. पण ती फक्त त्याच्या बोलण्याची करतात. तो गप्प कसा बसायचा हे त्यांनी पाहिलेलं नाही, मी पाहिलंय. मी चौथीपर्यंत शिकलो, मला लिहायला वेळ लागतो. पण हे दुसऱ्या कुणी लिहिण्यापेक्षा मी लिहिलेलं बरं.

गाडीत एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. त्यानं सगळ्या दुनियेला हाच कायदा लावला होता. हॉटेलातल्या रेडिओवर नवं गाणं लागलं की दोन ओळी ऐकायचा आणि म्हणायचा, "सिंगल." म्हणजे थांबवा. आवडलं तर "डबल, जाऊ द्या." पुढाऱ्याच्या भाषणाला सिंगल, जत्रेतल्या तमाशाला बहुतेक वेळा डबल, टीव्हीवरच्या बातम्यांना कायम सिंगल. माझ्या थोरल्या मुलीला बघायला पाहुणे आले होते तेव्हा मुलगा हात धुवायला गेला आणि हा माझ्या कानात म्हणाला, "डबल." तो संसार चांगला झाला, हे सांगितलं पाहिजे.

त्याला गाण्यात माणसाचा दम ऐकू यायला हवा असायचा. गाणारा ओळ संपवतो, श्वास घेतो, मग पुढची उचलतो. तो श्वास ज्या गाण्यात ऐकू येतो ते खरं गाणं, असं त्याचं म्हणणं. नव्या गाण्यांवर त्याचा राग त्यासाठीच. "दम न घेता गात्यात. मानूस हाय का पाण्याची मोटर?" माझ्या पुतण्याच्या वरातीत त्यानं डीजेवाल्याला गाठलं आणि दम घेणारं एखादं गाणं लाव म्हणून अडून बसला. तो डीजेवाला म्हणाला, "काका, दम घ्यायला टाइम न्हाई. नवरदेव मारुतीच्या पाया पडायचाय आजून." कंडक्टरनं त्यालाही सिंगल दिली, पण भिंतीएवढ्या स्पीकरसमोर ती कुणाला ऐकू जाणार.

सिनेमातल्या शेतकऱ्याच्या तो टाचा बघायचा. हिरो नांगर धरून गात असला की हा पुढं वाकायचा. "टाचा बघ डायवर, टाचा बघ. भेग न्हाई एक. हा शेतकरी न्हाई, हा पाव्हना हाय." एकदा लागलं की मग मलाही टाचाच दिसायच्या. गाणं काय चाललंय, ती बाई कशी नाचतेय, काही नाही. नुसत्या टाचा.

एकदा नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याकडं गाडी घेऊन चाललो होतो. चढ होता, गाडी भरलेली, इंजीन ओरडत होतं. मागं दोघा-तिघांचा एका नव्या सिनेमावरून वाद चाललेला मला आरशात दिसत होता. तेवढ्यात एक घंटी आली. मला वाटलं, कुणीतरी दारातून पडलं. मी भर चढावर ब्रेक मारला, म्हाताऱ्याकोताऱ्या एकमेकींवर गेल्या. मागं वळून बघतो तर हा दोन बाकांच्या मध्ये उभा.

"इंजनात ऐकू जात न्हवतं," तो मला म्हणाला. मग त्या वाद घालणाऱ्यांकडं वळला. "हां, आता ऐका. त्या सिनेमात आई मरती तवा पोरगा गानं म्हनतो. तुमची आई गेली तवा तुमी गानं म्हनलं व्हतं का?"

त्यातला एक म्हणाला, "माझी आई हाय की जित्ती. ही काय, शेजारी बसलीय."

गाडी हसली. ती म्हातारीही हसली. ती कंडक्टरला म्हणाली, "बाबा, मी मेल्यावर त्यानं गानं म्हनलं तरी चालंल, पन आता गाडी हालव. उलट्या व्हत्यात मला."

मी त्याला म्हणालो, "एसटी हाय का तुझ्या बापाचं थेटर?" दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. तोही बोलला नाही. गाडी घंटीवर चालली.

असा हा माणूस. आता त्याच्या बायकोचं सांगतो, कारण तिच्याशिवाय त्याचं काहीच पुरं होत नाही.

वहिनी भंडारदऱ्याकडची, भाताच्या मुलखातली. आमच्या बाजरीच्या गावात आली आणि भाकरी शिकली, पण भात हवाच म्हणायची. शांत बाई. कंडक्टरचं बोलणं तिनं आयुष्यभर पावसासारखं अंगावरून जाऊ दिलं. तिची हौस एकच, संध्याकाळी साडेसातची मालिका. ती सुरू व्हायच्या आत भाकऱ्या उरकायच्या, भांडी पालथी घालायची, निवडायची भाजी परातीत घ्यायची आणि टीव्हीसमोर बसायचं. त्या मालिकेत एक मोठं घर होतं आणि त्या घरात एक थोरली जाऊ होती. सगळ्यांचं करणारी आणि सगळ्यांचं ऐकून घेणारी. वहिनीचा जीव त्या थोरलीवर.

आणि नेमका साडेसातला आमचा कंडक्टर उंबऱ्यात येऊन उभा राहायचा. आत बसायचा नाही, बाहेर जायचा नाही.

"झोपताना एवढी नथ कशाला घातलीय हिनं? नाकात गेली तर."

"गप बसा वो."

"सगळी जेवायला बसलीत, घास कुनी घेईना. भात बघ, तसाच हाय. कालचाच हाय तो भात."

"ऐकू द्या की काय म्हनतीय ती."

"काय म्हनायचीय? तीन येळा तिचंच तोंड दावत्यात. इकडून एकदा, तिकडून एकदा, वरून एकदा. देवळाला फेरी घातल्यावानी."

एकदा मी तिथंच होतो, तेव्हा वहिनी माझ्याकडं बघून म्हणाली, "भावजी, तुमच्या ह्या कंडक्टरला सांगा, माझी एकच इच्छा हाय. एकदा माझ्याशेजारी बसून ही मालिका बघायची. नावं न ठेवता. मग मेले तरी चालंल."

"तसली मालिका नावं न ठेवता बघायची म्हंजी मीच मेलेला बरा," हा म्हणाला. ती हसली आणि परातीतली मेथी निवडायला लागली.

हे तिनं एकदाच म्हटलं नाही, कितीतरी वेळा म्हटलं. आम्हाला ते तिचं बोलणंच वाटायचं. कुणी कुणाला जेवायला या म्हणतं ना, तसं.

वहिनी गेली ती दोन दिवसांच्या आजारात. पोटात दुखतंय म्हणाली, नगरला नेली, आणि तिकडून गाडीतून परत आणली. जास्त सांगत नाही.

आमच्याकडं सुतकात टीव्ही लावत नाहीत. त्याच्या घरच्या टीव्हीवर कुणीतरी वहिनीचंच जुनं लुगडं घडी करून टाकलं होतं. शेजारपाजारच्यांनी आवाज बारीक केले. कंडक्टर ओट्यावर बसून असायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला "या" म्हणायचा आणि गप्प व्हायचा. साडेसात वाजले की मात्र उठून उंबऱ्यात उभा राहायचा. का उभा राहिला ते त्यालाही कळत नसावं. थोडा वेळ थांबून परत ओट्यावर यायचा.

दहाव्याला ओढ्याकाठी सगळे जमलो. प्रवचन झालं. मग श्रद्धांजलीची भाषणं झाली. आमच्याकडं दहाव्याला पुढारी बोलल्याशिवाय माणूस पुरता गेला असं धरत नाहीत. वहिनीला कधी न पाहिलेल्या दोघांनी तिच्यावर बराच वेळ भाषण केलं. मग गुरुजींनी पिंड मांडला आणि आम्ही सगळे मागं सरकून कावळ्याची वाट बघू लागलो.

कावळे होते. पलीकडच्या बाभळीवर ओळीनं बसलेले. एकही खाली येईना.

लेक पुढं झाला. हात जोडून म्हणाला, "आई, बापूंना मी अंतर देनार न्हाई." कावळे बसलेलेच. लेक म्हणाली, "आये, मी सनावाराला येत जाईन, घर बंद राहू द्यायची न्हाई." एक कावळा या फांदीवरून त्या फांदीवर गेला, एवढंच. वहिनीचा भाऊ अकोल्याहून आला होता. त्यानं शेतातल्या तिच्या वाट्याचं काय ते सांगून पाहिलं. ऊन वाढत चाललं. म्हातारी माणसं खाली बसली. कावळा शिवल्याशिवाय कुणी घरी जाणार नाही आणि कुणाच्या तोंडात घास पडणार नाही, अशी रीत. गुरुजी म्हणाले, "आता दर्भाचा कावळा करू या."

दर्भाचा कावळा करायचा म्हणजे जाणाऱ्याची इच्छा तशीच राहिली असं गावानं मानायचं. लेकीनं तोंडाला पदर लावला.

भाऊ म्हणाला, "दाजी, तुमी बोला की. सगळी बोलली, तुमीच राह्यलाय."

कंडक्टर जागचा हलला नाही. त्याचं तोंड मला दिसत होतं. माणसाला काय म्हणायचंय ते माहीत असतं आणि म्हणायची लाज वाटते, तसं ते होतं. मी त्याच्या पाठीला हात लावला. "हो पुढं," म्हणालो.

तो पुढं झाला. टोपी काढून हातात घेतली. भरलेल्या गाडीत मागच्या बाकापर्यंत जायचा तो आवाज त्यानं काढला.

"तुझी ती मालिका. मी बघीन. रोज बघीन, शेवटापातूर. नावं न ठेवता बघीन."

मागं बायका उभ्या होत्या त्यांच्यात कुणीतरी खुदकन हसलं. पुढाऱ्याबरोबर आलेली दोन माणसंही हसली. मग कुणी हसलं नाही. ओढ्याचं पाणी तेवढं वाजत होतं. आणि कावळा आला.

मी असं म्हणणार नाही की तो त्यासाठी आला. कावळ्यालाही भूक लागते, ऊन लागतं. पण आला, आणि पिंडाला शिवला, आणि सगळ्या गावानं ते बघितलं. पिंडासमोर दिलेला शब्द, तोही सगळ्या गावासमोर. त्यातून सुटका नाही.

तिथून पुढं मला त्या माणसाची काळजी वाटू लागली. तंबाखू सोडली असती तर मी समजू शकलो असतो. पण ह्यानं नावं ठेवणं सोडलं होतं.

सुतक फिटल्यावर पहिली अडचण ही आली की मधले भाग गेलेले. तो आमच्या घरी आला आणि माझ्या सुनेला म्हणाला, "सूनबाई, तिकडं काय काय झालं ते सांगा." सून पोळ्या लाटत होती. तिनं लाटता लाटता सगळं सांगितलं, कोण कुणाला काय बोललं, कुणी दुधात काय कालवलं. हा भिंतीला टेकून ऐकत होता. मध्येच सून म्हणाली, "आनि थोरली पुरात वाहून गेली." तो म्हणाला, "कदी?" ती म्हणाली, "मागच्या सोमवारी." त्यानं मान हलवली. 

मग रोज साडेसातला तो आत बसायला लागला. उंबऱ्यात नाही, आत, सतरंजीवर, वहिनी बसायची त्या जागेच्या शेजारी. तिची जागा मोकळी सोडून.

गावाला हे पचत नव्हतं. सकाळी हॉटेलात चहा पिताना पोरं त्याला टोकायची. "कंडक्टर, काल धाकटीनं नवऱ्याला वळखलंच न्हाई. तोंडाला नुसती मिशी लावली तर वळखंना?" ह्याच्या गालाची नस उडायची. बशीतला चहा फुंकून म्हणायचा, "तिला वाईच कमी दिसत आसंल." हॉटेलवाला म्हणायचा, "आन् कोर्टात जज्जासमोर गानं म्हनली ती?" हा म्हणायचा, "आवाज बरा हाय तिचा." पोरं लोळायची. पण त्याच बाकावर दुसऱ्या सिनेमाचं, दुसऱ्या मालिकेचं, वरातीतल्या गाण्याचं नाव निघू द्या, असा तुटून पडायचा की पूर्वीचा परवडला. सगळं साठलेलं तिकडं निघायचं. शेवटी हॉटेलवाल्यानं टीव्हीच बंद ठेवायला सुरुवात केली.

माझा विश्वास नव्हता. चारचौघांत शब्द पाळणं सोपं असतं, घरात एकटा असताना हा टीव्हीला नक्की शिव्या देत असणार, असं मला वाटायचं. म्हणून एका संध्याकाळी मी न सांगता गेलो. दार उघडंच होतं. हा मांडी घालून बसलेला, परातीत मेथीची जुडी. निवडत होता आणि बघत होता. तोंड घट्ट मिटलेलं.

मी बसलो. समोर जे चाललं होतं ते बघून मला राहवेना. "हे काय रे? ही बाई विहिरीत पडली तर केस कोरडे कसे हिचे?"

"डायवर," तो म्हणाला, "पटत नसंल तर घरी जा."

मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही गेलो. मी म्हणायचो, तो गप्प बसायचा. कंटाळून हळूहळू मीही म्हणायचं सोडलं. मेथी निम्मी मी निवडायला लागलो. त्या मालिकेतलं घर असं होतं की त्यात कुणालाच कामाला जायचं नसायचं, सगळी दिवसभर जिन्यात उभी राहून एकमेकांचं बोलणं ऐकायची. पण रोज बघितली की माणसं ओळखीची होतात, हे खरं आहे. भिंतीवर थोरलीचा हार घातलेला फोटो असायचा. कॅमेरा त्याच्यावरून फिरला की कंडक्टरचा हात परातीत थांबायचा.

वर्ष गेलं, वरती काही महिने गेले. मालिकेची वेळ बदलली तशी त्याची जेवणाची वेळ बदलली. मग एक दिवस टीव्हीवर सांगितलं की आता शेवटचा भाग. गावात ती बातमी मोठी झाली. हॉटेलवाला म्हणाला, "परवा सकाळी कंडक्टर सुटतोय. दीड वरसाचं एकदम निघनार हाय, लवकर या." पोरांनी बाक धरायचं ठरवून टाकलं.

शेवटच्या भागाला मी त्याच्याकडं गेलो. सुनेनं दिलेला भात घेऊन गेलो होतो, तो तसाच झाकून ठेवला. त्या घरात लग्न होतं. सगळी माणसं एकत्र, जे जे भांडले ते गळ्यात पडत होते. तुळशीपाशी दिवे. आणि दारात एक बाई येऊन उभी राहिली. पाठमोरी. हातात पिशवी. तिनं तोंड वळवलं तर थोरली.

पुरात वाहून गेली ती मेली नव्हती. कुठल्या कोळ्याच्या घरी होती आणि तिला स्वतःचं नावच आठवत नव्हतं. आज आठवलं. सगळं घर रडायला लागलं. तीन बाजूंनी तिचं तोंड दाखवलं.

मला संताप आला. "हे मात्र बास झालं," मी म्हणालो. "हिचा दहावा झालाय रे. हार घातलाय फोटोला, दीड वरीस आपन बघतोय. मेलेलं मानूस असं पिशवी घेऊन येतं का परत?"

 नावं आली, ती संपली, जाहिरात लागली.

"झाली," मी म्हणालो. "संपली एकदाची. तुझा शब्द फिटला. आता बोल काय बोलायचं ते."

तो जाहिरातीकडं बघत होता. मग शेजारच्या मोकळ्या जागेवर सांडलेली मेथीची पानं त्यानं एकेक करून गोळा केली आणि परातीत टाकली.

"बरं केलं त्यांनी," तो म्हणाला. "आनली तिला घरी."

मी भातावरचं झाकण काढलं. भात मध्ये घेतला, दोघांनी त्याच भांड्यात खाल्ला. तोवर त्याच टीव्हीवर दुसरी कुठली मालिका सुरू झाली होती. त्यात कोण कुणाचं, काही कळत नव्हतं. त्यानं ती बंद केली नाही, आणि मीही उठलो नाही.